कीटकभक्षी झाडं घरी लावताय? रोपाआधी पाणी मोजा

नर्सरीतून व्हीनस फ्लायट्रॅप येतं, आठवडाभर घरातला प्रत्येक जण त्याच्या जबड्यात बोट घालून बघतो, आणि महिना-दीड महिन्यात ते काळं पडतं. मग ठरतं की ‘त्याला पुरेशा माश्या मिळाल्या नाहीत’. हे कारण बहुतेक वेळा चुकीचं असतं. उपाशी राहून मेलेलं कीटकभक्षी रोप क्वचितच सापडेल. नळाच्या पाण्यानं, गांडूळखतानं आणि सावलीनं मेलेली मात्र ढीगभर सापडतील.

ही झाडं किडे का खातात, एवढं समजलं की पुढच्या बहुतेक पायऱ्या आपोआप सुचतात. ती वाढतात दलदलीत किंवा पावसानं धुऊन निघालेल्या जमिनीवर. कासचं पठार आणि कोकण-गोव्यातले जांभ्याचे सडे ही आपली जवळची उदाहरणं. पावसाळ्यात तिथे पानांवर चिकट थेंब धरणारा दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा, आणि सीतेची आसवं, म्हणजे युट्रिक्युलेरिया, उगवतात. त्या मातीत नत्र जवळजवळ नसतं. ते किड्यांमधून येतं, आणि मुळांना क्षारांची सवयच नसते. त्यामुळे इतर झाडांना आपण हौसेनं जे घालतो, ते सगळं यांच्यासाठी विष.

१. आधी पाण्याची सोय करा

ऑनलाइन काही शे रुपयांत टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर मिळतो, तो सगळ्यात आधी घ्या. रोपाची ऑर्डर त्यानंतर. पाण्याचा टीडीएस ५० पीपीएमच्या (दहा लाखांत ५० भागांच्या) आत हवा. १००पर्यंत काही दिवस निभावतं. त्यापुढे मातीत क्षार साठत जातात आणि मुळं जळतात. बोअरवेलचं पाणी कित्येक शेंवर असतं, त्याचा विचारच नको. नळाचं पाणी गावागणिक, कधी कधी मोसमागणिकही बदलतं, म्हणून शेजाऱ्यानं सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका.

उकळून पाण्यातले बहुतेक क्षार जात नाहीत. वाफ गेल्यावर उलट पाणी थोडं दाटच होतं. तुरटी फिरवून गढूळपणा जातो, टीडीएस नाही. बाटलीबंद पाण्यात चवीसाठी खनिजं घातलेली असतात. मग चालतं ते काय?

पावसाचं पाणी सर्वांत उत्तम. पहिले दोन-तीन पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्या, नंतरचं पागोळीचं पाणी धरा. छप्पर सिमेंटच्या पत्र्यांचं असेल किंवा साठवण सिमेंटच्या टाकीत असेल, तर चुना उतरून टीडीएस चढतो. अशा वेळी उघड्यावर प्लास्टिकचं पिंप ठेवून थेट पाऊस धरलेला बरा. ५ इंची एका कुंडीला कडक उन्हाळ्यात दिवसाला साधारण १०० ते १५० मिलीलिटर पाणी लागतं, थंडीत त्याच्या निम्मंही लागत नाही. पाच कुंड्या असतील तर २०० लिटरचं झाकणबंद निळं पिंप नोव्हेंबर ते मे आरामात काढतं. झाकण घट्ट हवं, नाहीतर शेवाळ धरेल आणि डासही होतील.

आरओचं पाणी चालतं, पण मोजूनच. घरगुती मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं आणि त्यानं आकडा मुद्दाम वाढवलेला असतो. मशीन बघायला येणाऱ्याला सांगून तो कमी करून घेता येतो, पण तेच पाणी घरात पिण्यासाठी असेल तर हा खटाटोप नको.

बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणी बॅटरीच्या दुकानात ५ लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. एक-दोन कुंड्यांसाठी ते परवडतं. कॅनवर ‘बॅटरी अ‍ॅसिड’ लिहिलेलं नाही ना, हे मात्र दोनदा वाचा. एसीच्या नळीतून गळणारं पाणीही क्षारांच्या दृष्टीनं स्वच्छ असतं. एसीची सर्व्हिसिंग झाल्यावर पहिले काही दिवस धरू नका, धुण्याचं रसायन त्यात येतं.

२. रोप आवडीनं नको, गावाच्या हवेप्रमाणे निवडा

सगळ्यांना हवं असतं व्हीनस फ्लायट्रॅप. त्याचं मूळ घर अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनाच्या किनारपट्टीचा छोटासा पट्टा. तिथे उन्हाळा आपल्यासारखाच दमट, पण हिवाळा चांगला थंड. वर्षाला तीनेक महिने ते झाड झोपतं. ती झोप मिळाली नाही तर दोन-एक वर्षांत खंगतं. म्हणून मुंबई, ठाणे, कोकण किंवा गोव्यात राहणाऱ्यानं सुरुवात फ्लायट्रॅपपासून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दमट किनारपट्टीला शोभते ती पानांच्या टोकाला घट लटकणारी घटपर्णी, म्हणजे नेपेन्थिस. तिच्यातही दोन गट आहेत: डोंगरावरच्या जातींना गार रात्री लागतात, सखल भागातल्यांना नाही. रॅफ्लेसिआना, अँप्युलारिया, मिराबिलिस या सखल भागातल्या. ‘व्हेंट्राटा’ नावाचा संकर सर्वांत सोशीक. तो मुंबईच्या गॅलरीतही जगतो आणि पुण्याच्या थंडीतही तग धरतो. पहिली घटपर्णी घ्यायची तर हीच.

पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर या बाजूला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १० अंशांच्या आसपास उतरतात. तिथे फ्लायट्रॅप जमतं. मात्र विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेची सोय वेगळी करावी लागते, ती पुढे पायरी ६ मध्ये आहे.

कुठेही सुरुवात करायला सोपा म्हणजे दवबिंदू. ड्रॉसेरा बर्मानी आणि ड्रॉसेरा स्पॅच्युलाटा या दोन जाती आपल्या उकाड्याला पुरून उरतात. बर्मानी वर्षायू आहे. फुलून, बी टाकून ती वाळली की रोप ‘मेलं’ म्हणून कुंडी ओतू नका, त्याच मातीतून पुढची पिढी येते. दक्षिण आफ्रिकेची ड्रॉसेरा कॅपेन्सिस सगळीकडे ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून सुचवली जाते. पण तो सल्ला गार देशांतला. आपल्याकडे पारा ३५च्या वर गेला की ती पानं टाकते, आणि नशीब असेल तर मुळांतून पुन्हा फुटते.

३. सामान

- टीडीएस मीटर
- प्लास्टिकच्या कुंड्या, ४ ते ५ इंची, तळाला भोकं असलेल्या. मातीच्या कुंडीतून क्षार उतरतात आणि तिच्या भिंतीत साठतातही, म्हणून ती नको. पांढरा रंग असेल तर उत्तम, उन्हात कमी तापते.
- पीट मॉस (दलदलीत कुजलेल्या शेवाळाचा भुगा), खत आणि चुना न मिसळलेलं
- पर्लाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे)
- लांब धाग्याचं वाळलेलं स्फॅग्नम मॉस (दलदलीतलं शेवाळ; घटपर्णीसाठी, आणि फ्लायट्रॅपच्या फ्रिजमधल्या झोपेसाठी, पायरी ८)
- खोलगट ताटल्या
- ५० टक्क्यांची शेडनेट
- बारीक चिमटा

पीट मॉसच्या बाबतीत बहुतेक जण फसतात. बाजारातल्या पुष्कळ पिशव्या पॉलिहाउसमधल्या भाजी-फुलांच्या रोपांसाठी असतात. त्यात चुना घालून आम्लता कमी केलेली असते आणि थोडं खतही असतं. पिशवीवर पीएच ५.५ ते ६.५ छापलेला असेल तर ती चुना घातलेली आहे असं समजा. निव्वळ पीटचा पीएच ४च्या आसपास असतो. सुटं मिळालं आणि काहीच छापलेलं नसेल तर मूठभर पीट ग्लासभर डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी गाळून मीटर बुडवा. आकडा १००च्या वर गेला तर ते बागेतल्या जास्वंदीला घाला.

‘पीटऐवजी कोकोपीट चालेल का?’ हा प्रश्न हमखास येतो. काही जण चालवतात. त्यात नारळाच्या सोडणातलं मीठ असतं. ते स्वच्छ पाण्यात तीन-चारदा, प्रत्येक वेळी दिवसभर भिजवून, शेवटच्या पाण्याचा टीडीएस उतरेपर्यंत धुवावं लागतं. धुतल्यावरही मातीत हळूहळू क्षार सुटत राहतात. पहिल्या रोपाला हा प्रयोग नको. बांधकामाची वाळू, क्रश सँड, काळी माती, लाल माती, शेणखत यांपैकी कणभरही नको. पर्लाइट मिळत नसेल तर पाण्याच्या फिल्टरमध्ये भरतात ती १-२ मिलिमीटरची सिलिका वाळू धुऊन वापरा. वाळूवर थोडं व्हिनेगर टाकून बघा, फेस आला तर चुना आहे.

४. खरेदी आणि कागद

बियांचं पाकीट घेऊ नका. ऑनलाइन ‘व्हीनस फ्लायट्रॅपच्या १०० बिया, निळ्या-जांभळ्या रंगात’ अशी जी पाकिटं विकतात, त्यांतून बहुतेकदा गवत किंवा दुसरंच काही उगवतं. फ्लायट्रॅपचं खरं बी जेमतेम मिलिमीटरभर, काळं, चकचकीत असतं. खरं निघालं तरी मोठं झाड व्हायला तीन-चार वर्षं लागतात. निळं फ्लायट्रॅप तर अस्तित्वातच नाही. वाढलेलं रोप घ्या, आणि विक्रेत्याकडे चालू आठवड्यातला, हातात कुंडी धरलेला फोटो मागा.

परदेशातून मागवायचं असेल तर २००३च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना आणि निघण्याच्या देशाचं फायटोसॅनिटरी (रोप रोग-किडीमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र लागतं. फ्लायट्रॅप आणि घटपर्णी ही दोन्ही साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत, म्हणून त्या करारानुसार लागणारी परवानगी वेगळी. ‘आम्ही साधी भेटवस्तू म्हणून पाठवतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याचं पार्सल अडकलं तर पैसे तुमचेच जातात. देशातल्या नर्सरीतून घेतलंत तर हे काही नाही, फक्त बिल जपून ठेवा.

कासवरून किंवा सड्यावरून उपटून आणणं हा तर मार्गच नव्हे. कास जागतिक वारसा स्थळात आहे, आणि तिथला दवबिंदू उपटल्यावर घरी पोहोचेपर्यंतच माना टाकतो. भारतात नैसर्गिकरीत्या वाढणारी घटपर्णीची एकच जात आहे: मेघालयातली नेपेन्थिस खासियाना. ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आणि साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहे. कुणी ‘जंगलातून आणलीय’ म्हणून विकत असेल तर तिथून निघा.

५. कुंडी भरणं

कोरडं पीट पाणी धरत नाही, ते वरच तरंगतं. बादलीत घेऊन कोमट स्वच्छ पाणी थोडं थोडं घालत कणकेसारखं मळा आणि दोन तास ठेवा. पर्लाइट आधी ओलं करून घ्या, त्याची धूळ छातीत जाते. नाकाला रुमाल बांधलेला बरा.

फ्लायट्रॅप आणि दवबिंदूसाठी मापानं १ भाग पीट, १ भाग पर्लाइट. ५ इंची कुंडीला साधारण १ लिटर मिश्रण लागतं. तळाच्या भोकांवर स्फॅग्नमचा बोळा ठेवा म्हणजे पीट वाहून जाणार नाही. मिश्रण दाबून घट्ट करू नका. फ्लायट्रॅपचा पांढरा, कांद्यासारखा बुंधा मातीच्या पातळीला राहील इतपतच पुरा, वाढीचा मधला कोंब उघडा हवा. मुळं काळी दिसली म्हणून कापू नका. ती काळीच असतात, जिवंतपणाची खूण म्हणजे पांढरी टोकं.

घटपर्णीला हे मिश्रण फार चिकट होतं. तिला २ भाग स्फॅग्नम, १ भाग पर्लाइट, १ भाग ऑर्किडसाठी मिळणारी पाइनची साल द्या. तिची मुळं केसांइतकी बारीक, काळी आणि ठिसूळ असतात. गोळा मोडू नका, आहे तसा उचलून नव्या कुंडीत ठेवा आणि भोवतीनं भरा.

पार्सलनं आलेलं रोप लगेच उन्हात नेऊ नका. ८-१० दिवस उजेडाच्या सावलीत, मग सकाळचं ऊन, मग जास्त. प्रवासात जुने सापळे आणि घट काळे पडतातच. नवीन पान कसं येतंय यावर लक्ष ठेवा.

६. ऊन, ताटली आणि डास

फ्लायट्रॅपला थेट ४ ते ६ तास ऊन हवं. खिडकीच्या आत, टेबलावर, ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली ते लांबट, फिकं आणि लुळं होतं. सापळ्याचा आतला भाग लाल आला नाही तर सहसा ऊन कमी पडतंय. दवबिंदूचंही तेच: पानावर थेंब नाहीत याचा अर्थ उजेड कमी किंवा हवा फार कोरडी. घटपर्णीला सकाळचं २-३ तास ऊन आणि पुढे झिरपता उजेड पुरतो.

पारा ४०च्या पुढे गेल्यावर उन्हानं पानं करपण्याआधी तापलेल्या कुंडीत मुळं शिजतात. एप्रिलपासून पावसापर्यंत ५० टक्के शेडनेट लावा आणि कुंडी एका मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत ओलं मॉस भरा. गच्चीच्या तापलेल्या फरशीवर थेट ठेवू नका, खाली लाकडी फळी घ्या.

पाणी द्यायचं ते ताटलीतून: फ्लायट्रॅप, दवबिंदू आणि सीतेच्या आसवांच्या कुंडीखाली १ ते दीड सेंटिमीटर पाणी. घटपर्णीला ताटली नाही. तिला वरून पाणी घालून निथळू द्यायचं, पाण्यात उभी राहिली तर मुळं कुजतात.

या ताटलीत डेंग्यूचे डास होतात. किडे खाणाऱ्या झाडाच्या पायाशीच डासांची पैदास, आणि वर महापालिकेची नोटीस. उपाय सोपा आहे, पण चुकवता येणार नाही. ताटलीतलं पाणी दोन-तीन दिवसांत आटू द्या, एक दिवस ओली माती तशीच ठेवा, मग पुन्हा भरा. आठवड्यातून एकदा ताटली काथ्यानं घासा. एडिस डासाची अंडी पाण्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. रॉकेल किंवा तेल टाकू नका, रोप मरेल. पावसाळ्यात ताटली काढूनच ठेवा. भरपूर पाऊस कुंडीतून वाहून गेला की साठलेले क्षारही धुतले जातात. इतर महिन्यांत हेच काम महिन्यातून एकदा वरून लिटरभर स्वच्छ पाणी ओतून करा.

आणि हो, घरातले डास कमी व्हावेत म्हणून हे झाड घेत असाल तर पैसे वाचवा. फ्लायट्रॅपच्या तोंडी मुख्यतः मुंग्या आणि कोळी लागतात. डास क्वचितच.

७. खाऊ घालणं

झाड गॅलरीत किंवा गच्चीवर असेल तर काहीच करू नका, ते आपलं आपण पोट भरतं. बंद घरात असेल तर महिन्यातून एखाद-दुसऱ्या सापळ्याला किडा पुरे.

फ्लायट्रॅपच्या प्रत्येक पाकळीत आत सहसा तीन केस असतात. सुमारे २० सेकंदांत दोन स्पर्श झाले की जबडा मिटतो. आत काही हलत राहिलं तरच तो घट्ट बंद होऊन पाचकरस सोडतो. म्हणून मेलेली माशी टाकलीत तर मिटल्यावर बाहेरून सापळा हलकेच चोळावा लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो न खाता उघडतो. किडा सापळ्याच्या एक तृतीयांशाएवढा असावा. पाय बाहेर राहिला तर फटीतून बुरशी शिरते. पचायला ५ ते १२ दिवस लागतात. तीन-चार जेवणांनंतर तो सापळा काळा पडतो, तेव्हा कात्रीनं काढून टाका. बोट घालून मिटवण्याचा खेळ पाहुण्यांसमोर कितीही रंगला तरी बंद करा, रिकाम्या मिटण्यात झाडाची शक्ती जाते.

पनीर, अंडं, खिमा, दूध यांतलं काही नाही. सगळं कुजतं. दवबिंदूच्या पानावर माशांच्या खाद्याचा खसखशीएवढा चुरा ठेवला तर चालतो. घटपर्णीच्या घटातलं पाणी प्रवासात सांडलं असेल तर डिस्टिल्ड पाणी पाव ते एक तृतीयांश भरा. काठोकाठ भरू नका.

८. हिवाळ्याची झोप, फक्त फ्लायट्रॅपसाठी

पुणे-नाशिककडे डिसेंबर ते फेब्रुवारी कुंडी उघड्यावरच ठेवा. पानं आखूड होतील, काही काळी पडतील, नवे सापळे येणार नाहीत. ते बरोबर आहे. ताटलीत पाणी ठेवू नका, माती फक्त ओलसर राहू द्या.

किनारपट्टीवर हट्टानं फ्लायट्रॅप पाळायचंच असेल तर फ्रिज. डिसेंबरच्या सुरुवातीला रोप काढून माती धुवा, काळी पानं कापा, मुळांभोवती घट्ट पिळलेलं स्फॅग्नम गुंडाळा आणि झिपच्या पिशवीत घालून खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नव्हे. १० ते १२ आठवडे. दर पंधरा दिवसांनी उघडून बुरशी बघा. पिशवीवर ठळक नाव लिहा, नाहीतर सुकलेल्या कोथिंबिरीबरोबर कचऱ्यात जाईल. फेब्रुवारीअखेर बाहेर काढून नव्या पीटमध्ये लावा. पुण्याकडचंही कुंडी बदलायचं काम याच वेळी, वर्षातून एकदा.

वसंतात मधून फुलाचा दांडा निघतो. रोप लहान किंवा नुकतंच आलेलं असेल तर दांडा २-३ इंच झाल्यावर कापा. तो तुकडा ओल्या पीटमध्ये खोचला तर कधी कधी त्यालाच नवं रोप फुटतं.

९. बिघडलं तर

सगळी पानं एकदम कडेपासून तपकिरी: पाणी मोजा, मग कुंडीतून निथळलेलं पाणीही मोजा. निथळलेलं २००च्या वर असेल तर माती बदला.

नवी पानं वाकडी, चुरगळलेली: मावा. कुंडीसकट अख्खं रोप स्वच्छ पाण्यात २४ ते ४८ तास बुडवून ठेवा. साबणाचं पाणी फवारू नका.

पांढरा कापूस: पिठ्या ढेकूण. चिमट्यानं वेचा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा.

पावसाळ्यात राखाडी बुरशी: मेलेली पानं काढली नाहीत आणि वारा खेळत नाही. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा.

घटपर्णीला पानं येतात, टोकाला घट येत नाही: उजेड कमी किंवा हवा कोरडी. नोव्हेंबरनंतर पुण्या-नागपुरात हे होणारच. जागा सारखी बदलत राहिलात तर उगवू पाहणारे घटही सुकतात. एकदा चांगली जागा ठरवा, शेजारी इतर कुंड्यांची गर्दी करा आणि जूनपर्यंत थांबा. पहिल्या पावसानंतरच्या नव्या पानांना घट आले नाहीत, तरच उजेडाची जागा बदला.